‘लोगोस’च्या अनुवादातील लिंगविचार

योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभीच (१:१) येणाऱ्या ग्रीक ‘लोगोस’च्या अनुवादांची चर्चा बहुधा अर्थाच्या अंगाने होते, व्याकरण दुर्लक्षित राहते. ‘लोगोस’ पुल्लिंगी, तर लॅटिन ‘व्हर्बुम’ व जर्मन ‘वोर्ट’ नपुंसकलिंगी आहेत. १:१४ मध्ये देह धारण करणारा हा लोगोस आरंभी व्यक्ती मानावा की तत्त्व, हा प्रश्न त्यामुळे १:३ मधील सर्वनामावर येऊन ठेपतो. टिंडलच्या १५२६ च्या इंग्रजी अनुवादात तेथे नपुंसकलिंगी सर्वनाम आहे, राजा जेम्सच्या काळातील १६११ च्या अनुवादात पुल्लिंगी.

संस्कृतात नपुंसकलिंगी ‘वचन’ वा स्त्रीलिंगी ‘वाच्’ऐवजी ‘वाद’ आला. लिंग साधले, पण वाचकाला नैयायिकांचा वाद आठवावा, ही त्याची किंमत! बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. तेथे ‘वाक्य’ला आदरार्थी क्रियापद जोडलेले आढळते. हिंदीतील ‘वचन’ पुल्लिंगी आहे, मराठीतील नपुंसकलिंगी. म्हणूनच मराठीतील ‘शब्द’ची निवड केवळ शब्दब्रह्माच्या परंपरेने उलगडत नाही. मराठीत ‘त्याच्या’ हे रूप दोन्ही लिंगांत सारखेच असल्याने १:३ मध्ये भेद झाकला जातो. तो १:१ मधील ‘होता’ या क्रियापदातच प्रकटतो. ‘वचन’ योजले असते तर ‘होते’ आले असते, आणि ते नपुंसकलिंगी की आदरार्थी, हे निव्वळ क्रियापदावरून ठरले नसते.