गाजर : निवड, साठवण व आहारातील उपयोग

थंडी पडू लागली की बाजारात गाजराची आवक वाढते आणि भाव उतरतो. भाव फारच उतरल्यास हा माल गुरांपुढे टाकला जातो. त्याच गावात दिवेलागणीच्या वेळी ठेचकाळणारे, समोरचे ताट चाचपडणारे एखादे मूल आढळू शकते. हे रातांधळेपणाचे लक्षण होय. आहारातील ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे मुख्य कारण आहे. ही उणीव टाळण्याचे स्वस्त साधन घरच्या शेतात असताना ते वाया जाऊ देणे इष्ट नव्हे.

पोषणमूल्य

गाजरातील कॅरोटीन या रंगद्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. नारिंगी जातींत कॅरोटीन सामान्यतः अधिक असते. लाल गाजराचा गडद रंग मुख्यतः लायकोपीनमुळे येतो व त्यापासून हे जीवनसत्त्व बनत नाही; तथापि लाल गाजरातही कॅरोटीन असतेच. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ८६ ते ८८ ग्रॅम पाणी व जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून गाजर हे डाळीची जागा घेऊ शकत नाही.

निवड

गाजर मध्यम आकाराचे, टणक, गुळगुळीत व एकसारख्या रंगाचे असावे. फार जाड व जून गाजराचा गाभा लाकडासारखा कठीण असतो. ज्याचा माथा मातीबाहेर राहून हिरवा पडला आहे, ते कडवट लागते. तडकलेली, सुरकुतलेली व केसाळ मुळे फुटलेली गाजरे घेऊ नयेत.

साठवण

काढणीनंतर पाला ताबडतोब कापावा. तो राहिल्यास गाजरातील पाणी ओढून घेतो व गाजर लिबलिबीत होते. साठवणीची गाजरे धुऊ नयेत. माती झटकून, जखमी गाजरे वेगळी काढून, उरलेली टोपलीत ओलसर वाळूच्या थरांत सावलीत ठेवावीत. वाळू ओलसर असावी, चिखल होऊ नये. केळी, सफरचंद यांसारख्या पिकणाऱ्या फळांजवळ गाजरे ठेवू नयेत. त्या फळांतून निघणाऱ्या वायूमुळे ती कडू होतात.

माल अधिक असल्यास गाजराच्या पातळ चकत्या करून उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटे ठेवाव्यात व हवेशीर सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात कॅरोटीनचा नाश होतो. कडकडीत वाळलेल्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.

खाण्याची योग्य रीत

गाजर आधी धुवावे व मगच चिरावे. साल जाड काढू नये, नुसती खरवडावी. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. कच्च्या गाजराच्या कठीण पेशींतून ते पुरतेपणी सुटतही नाही. यास्तव गाजर किसून किंवा झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवून, तेल वा तूप घालून खाल्ल्यास त्याचा अधिक लाभ होतो. कोशिंबिरीवर तेलाची फोडणी व दाण्याचे कूट घालण्याची घरोघरची रीत या दृष्टीने योग्यच आहे.

सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास शिजवून मऊ कुस्करलेले गाजर थोडे तूप घालून वरणभातात द्यावे. लहान मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.

ग्रामसेवक व अंगणवाडी सेविकांसाठी

रातांधळेपणा दिसून आल्यास केवळ गाजरावर विसंबू नये. अशा मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. भारतात १९७० साली सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा देण्यात येते. ती चुकू देऊ नये. गाजराचा हंगाम संपल्यावर शेवग्याचा पाला, पालक, पिकलेली पपई व आंबा यांचा आहारात समावेश करण्यास घरोघरी सांगावे. शेतकऱ्यांनी विक्रीचा माल बाजारात पाठविण्यापूर्वी घरातील मुलांपुरती गाजरे बाजूस काढून ठेवावीत.