सर, परत देऊ का?

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि एमएससाठी अमेरिकेला जाणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं लिहितो. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की दारातून एकच प्रश्न आत येतो : "सर, जीआरई परत देऊ का?" ३०५वाला विचारतो आणि ३२८वालीही विचारते. वर्षानुवर्षं उत्तरं देऊन जे हाती लागलं, ते मांडतो.

१. आधी यादी, मग आकडा
मी उलट विचारतो, "अर्ज कुठे कुठे करणार?" बहुतेकांची यादीच झालेली नसते. २०२० नंतर अमेरिकेतल्या कितीतरी विभागांनी जीआरईची अट काढून टाकली. एमआयटीचा इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर सायन्स विभाग ती मागत नाही. बर्कलीच्या त्याच विभागात गुण पाठवले तरी ते बघत नाहीत. एकाच विद्यापीठात एक विभाग सक्तीने मागतो आणि शेजारचा ऐच्छिक ठेवतो, म्हणून विद्यापीठाच्या नव्हे, विभागाच्या पानावर जाऊन वाचावं लागतं. मागे एका मुलीला जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर रकाने आखून दिले : विभाग, शेवटची तारीख, जीआरई हवी की नको. मोबाइलवर एकेक पान उघडत तिने रकाने भरले. तिसऱ्या रकान्यात 'नको' इतक्या वेळा आलं की ती पेनाला टोपण लावत म्हणाली, "राहू दे सर, मी एसओपीच लिहिते."

२. दोन-तीन गुणांसाठी उठू नये
परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते, की प्रत्येक विभागाच्या गुणांत मोजमापाची दोनेक गुणांची चूक गृहीत धरावी. म्हणजे तोच मुलगा, तीच तयारी, दुसरा दिवस, आणि ३१८चे ३२१ किंवा ३१५. तरीही "३२० हवेच" हा हट्ट कुठून येतो? मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, आणि "किती पडले रे?" विचारणाऱ्या आत्याकडून. काही घरांत वडील स्वतःचे १४०० सांगतात. ते १६०० पैकी होते. २०११मध्ये मोजपट्टी बदलली आणि आता प्रत्येक विभाग १३० ते १७० असा मोजला जातो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.
मात्र क्वांट १६०च्या खाली आणि अर्ज कॉम्प्युटर सायन्सचे, असं असेल तर मी बहुधा "दे" म्हणतो. क्वांटमध्ये आपल्याकडचे आणि चीनचे इंजिनिअर इतके गुण काढतात, की १७० पैकी १७० पडूनही पर्सेंटाइल ९९ होत नाही.

३. सराव परीक्षेचे गुण विचारा
माझा सगळा निर्णय बहुतेकदा इथेच होतो. ईटीएसच्या पॉवरप्रेप या मोफत सराव परीक्षा खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या. त्यात काय पडत होतं आणि प्रत्यक्षात काय पडलं, एवढंच मी बघतो. सांगलीकडचा एक मुलगा ३१६ घेऊन आला होता. सरावात ३२६, ३२४. मी म्हटलं, "आदल्या रात्री कुठे होतास?" तर एसटीत! रात्रीची गाडी पकडून पहाटे स्वारगेटला उतरला, तिथेच तोंड धुतलं, वडापाव खाल्ला आणि थेट केंद्रावर गेला. पहिल्याच क्वांट विभागात डुलक्या. ही परीक्षा अशी बेतलेली आहे, की पहिला विभाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिला घसरला की वरचे गुण हातचे जातात. "परत दे, आणि आदल्या दिवशी मामाकडे मुक्काम कर," एवढंच सांगितलं. दुसऱ्यांदा ३२५ आले. अभ्यास काही वेगळा केला नव्हता.
याच्या उलट, सरावात ३१७-३१८ आणि प्रत्यक्षात ३१८. अशा मुलाला तीच पुस्तकं घेऊन तीन आठवड्यांत ३२८ हवे असतात. दोन परीक्षांत निदान २१ दिवसांचं अंतर लागतं, हा नियम. त्याचा अर्थ २१ दिवसांत तयारी होते असा मुलं का लावतात, देव जाणे! चुका कुठे होतात हे सापडलं नसेल, तर नवी तारीख घेऊन उपयोग नाही. बारा महिन्यांत पाच वेळा देता येते म्हणून पाच वेळा द्यायची नसते.

४. क्वांट सुधारताना व्हर्बल पणाला लागतं
नुसता एक विभाग परत देता येत नाही, सगळी परीक्षा द्यावी लागते. क्वांट चारने वर, व्हर्बल पाचने खाली, असे निकाल मी पाहिले आहेत. दिलासा इतकाच, की कोणत्या दिवशीचे गुण पाठवायचे हे आपल्या हातात असतं, जुने झाकून ठेवता येतात. म्हणूनच पेपर वाईट गेला असं वाटून, आकडा दिसायच्या आधीच घाबरून गुण रद्द करण्यात काही अर्थ नाही. निबंधात ३ पडले म्हणून परत बसू नका.

५. नोव्हेंबर कोणाचा?
बऱ्याच अर्जांची मुदत १५ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान संपते. नोव्हेंबरात परत परीक्षा दिली तर अधिकृत निकालाला आठ-दहा दिवस, शिवाय परीक्षेआधीचा महिना अभ्यासात. एसओपी उरते दोन रात्रींवर. अशा दोन रात्रींच्या एसओपी मी वाचल्या आहेत. सगळ्यांत "लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण" असतं. परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट काढायला खेटे घालावे लागतात, ते वेगळंच. माझी शिफारसपत्रंही घाईत मागितली की घाईचीच होतात. तेव्हा सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परत देता येत असेल, तर विचार करा. त्यानंतर मी "दे" म्हणत नाही.

६. फी
वीस हजारांच्या वर. तेवढ्यात दोन-तीन विद्यापीठांची अर्जाची फी भरली जाते. कर्ज काढून जाणाऱ्या मुलांसमोर हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, आणि घरी बोलून घ्यायला सांगतो.

७. ठरलंच असेल तर
नवं खातं उघडू नका, जुन्याच ईटीएस खात्यातून तारीख घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांवर नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असतं. ते गाळलं की केंद्रावर ओळख पटवताना अडचण येते. केंद्र दुसऱ्या गावात असेल, तर राहायची सोय तारीख घेण्याआधी बघा. गणपती आणि दिवाळीच्या आगेमागे एसटीचं आरक्षण मिळत नाही.