मासे कुठे लागतात?


परिसर अभ्यासासाठी मी गोड्या पाण्यातील मासेमारी हा विषय घेतला आहे. कळंब्याच्या तलावावर गळ टाकून बसलेली माणसे आपण येता-जाता बघतो. एकाला घटकेत चार मासे लागतात आणि शेजारचा संध्याकाळपर्यंत नुसता पाणी बघत राहतो. असे का होते ते मी आमच्या आजोबांना विचारले. ते म्हणाले, "जागा बघून बसू नगंस, पाणी बघून बस." याचे कारण मग गुरुजींनी समजावून दिले.

माशाला श्वासासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. थंड पाण्यात तो जास्त मावतो, तापलेल्या पाण्यात कमी. म्हणून चैत्र-वैशाखात काठाचे उथळ पाणी तापले की मासा खोल जातो आणि भर दुपारी बसलेला माणूस ऊन खाऊन घरी येतो. त्या दिवसांत पहाटे किंवा कडुसं पडताना बसावे. झाडाची सावली पाण्यावर पडते ती जागा धरावी. थंडीत उलटे असते. ऊन चढून काठ जरा उबदार झाला की मासा बाहेर येतो, तेव्हा लवकर उठायची गरज नाही!

आपला तलाव संस्थानच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, कोल्हापूर शहराच्या पाण्यासाठी बांधला. कात्यायनीच्या बाजूच्या डोंगरातून ओढ्यांनी त्यात पाणी येते. बांधाकडे पाणी खोल आणि ओढ्याकडे उथळ व गाळाचे आहे. पावसाळ्यात ओढा जिथे तलावात शिरतो तिथे किडे, गांडुळे वाहून येतात, म्हणून मासाही तिथे जमतो. पण तो गाळ फसवा असतो. वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघाभर आत जातो. काठीने चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चिलापी अशा उथळ पाण्यात खूप. नर चिखलात ताटाएवढा गोल खड्डा करतो आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे ती साचलेल्या पाण्यातही वाढत राहते. तिला तंगूस, बारका गळ आणि गांडूळ एवढे पुरते. रोहू, कटला, मृगळ यांचे तसे नाही. त्यांना अंडी घालायला वाहते पाणी लागते, तळ्यात ती आपोआप वाढत नाहीत. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना इंजेक्शन देऊन बीज तयार करून दाखवले. तेव्हापासून बोटुकली विकत आणून तळ्यात सोडणे सोपे झाले. बोटुकली सोडायला कुणाचे तरी पैसे गेलेले असतात, म्हणून कोणत्याही तळ्यावर ठेका कुणाचा आहे हे आधी विचारावे. गळ किती खोल सोडायचा तेही माशावर आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधे आणि मृगळ तळाला चरतो.

मृगाचा पाऊस पडला की ओढ्याला चढणीचे मासे येतात. अंडी घालायला ते प्रवाहाच्या उलट वर चढतात, पार भाताच्या खाचरापर्यंत. तेव्हा जागा शोधावी लागत नाही, पोरंसुद्धा हाताने धरतात. आमच्या घरात यावरून दरवर्षी वाद होतो. काका म्हणतात, वर्षातनं एकदाच मिळतंय, का सोडायचं? आजोबा पोट फुगलेली मादी परत सोडतात. मला आजोबांचे पटते. एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. आणि ओढ्यात विषारी औषध टाकणे किंवा सुरुंग उडवणे हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

नदीवर जायचे तर कोल्हापुरी बंधारे बघावेत. राधानगरी रस्त्यावर हळदीला भोगावतीवर बंधारा आहे, कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबते. बरग्यांच्या फटीतून पाणी खाली फेसाळत पडते, त्यात हवा मिसळते. वर जाणारा मासाही तिथे अडतो. म्हणून बंधाऱ्याची खालची बाजू मासेमारीला उत्तम.

पण जीव जातो तोही तिथेच. पडणाऱ्या पाण्याने तळाला खड्डे पडतात, पाणी गोल फिरते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढते. बंधाऱ्यावर शेवाळ असते. आजोबा खांबावर कधीच उभे राहत नाहीत. खाली वीस-पंचवीस पावले सोडून, जिथे पळते पाणी आणि संथ पाणी एकमेकांना लागते, त्या कडेला ते बसतात. मासाही संथ पाण्यात थांबून पळत्या पाण्यातून येणारे खाणे टिपतो. पावसाळ्यात मात्र नदीचे नाव काढायचे नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात, पण आमच्यासारख्यांना त्याच्या कितीतरी आधीचे पाणीही जास्तच.

नदीला जाताना पाणंद धरावी. उसातून वाट काढली तर मालक ओरडतो आणि ते बरोबरच आहे, शिवाय पाचटात साप असतो. काठी आपटत चालावे. बरोबर मोठे माणूस हवेच.

नाल्याचे पाणी जिथे नदीत मिसळते त्याच्या खाली आम्ही बसत नाही. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात नदी आटली की पंचगंगेत मेलेले मासे तरंगल्याचे अनेकदा घडले आहे. त्याच्या आधी मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसतात. तेव्हा ते हाताने सापडतात आणि लोक पाट्या भरून नेतात. आजोबा तो मासा घरी आणत नाहीत. गळ गुंडाळतात आणि "चल" म्हणतात. त्या रात्री आमच्याकडे मसुराची आमटी असते.