विश्रांतीचा हक्क : इतिहास आणि आपले घर

स्वतःच्या शरीर-मनाची निगा राखण्यासाठी थोडा वेळ बाजूला काढणे, ही गोष्ट आपल्या समाजात अजूनही चैन समजली जाते. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात, वेठीला आणि गिरणीत राबल्या, त्यांना घटकाभर बसणे हा अपराध वाटावा, यात नवल नाही. परंतु इतिहास पाहिला असता दिसते की, विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नसून लढून मिळविलेला हक्क आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरणी कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिकाळातील विश्रांतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांना वार्षिक पगारी सुट्टी मिळाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

हा हक्क कारखान्यात पोहोचला. आपल्या उंबरठ्याच्या आत मात्र तो पुरता आलेला नाही. रविवारी वडिलांना सुट्टी असते, आईला नसते. ती सर्वांच्या शेवटी जेवते, गुडघेदुखी अंगावर काढते आणि दवाखान्याचा विषय निघाला की 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणते. तिच्या या सोसण्याला आपण त्याग म्हणतो आणि मोकळे होतो. समतेचा विचार सांगणाऱ्या घराने या कामाच्या तासांचाही हिशेब मांडला पाहिजे.

'समाजकार्य करणाऱ्याला विश्रांती कुठली?' असे काही कार्यकर्ते विचारतात. बाबासाहेबांना मधुमेह जडला होता आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांच्या अखंड श्रमाचे आपण गुणगान करतो; पण त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे सांगायला विसरतो. भगवान बुद्धांनीही पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर स्वर बिघडतो, सैल सोडली तरीही बिघडतो. प्रयत्नही असाच समतोल असावा. मध्यम मार्ग हा रोजच्या दिनक्रमाचाही मार्ग आहे.

म्हणून आरंभ लहान असावा. रोज अर्धा तास चालणे, वाचन किंवा आनापानसती. वर्षातून एकदा रक्तदाब व साखरेची तपासणी. आणि आठवड्यातून एक वेळचा स्वयंपाक घरातील पुरुषांनी व मुलांनी करणे. याला पैसा फारसा लागत नाही. कामाची वाटणी मात्र नव्याने करावी लागते.

घरी चर्चेसाठी दोन प्रश्न :
१. आपल्या घरात सर्वांत आधी कोण उठते आणि सर्वांत शेवटी कोण निजते?
२. त्या व्यक्तीचा स्वतःचा असा वेळ दिवसात कोणता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर लोखंडे आणि बाबासाहेबांचे काम आपल्या घरात अजून व्हायचे आहे, असे समजावे.