शर्यत, गुडघा आणि खारीचा डबा

चांगल्या कामासाठी धावून किंवा सायकल चालवून देणगी गोळा करण्याचा बेत तुमच्यापैकी काही जण यंदा करत असतील. आम्ही तो केला आणि त्यात एक चूक केली. ती लिहून ठेवतो.

आम्ही तिघे नाशिकचे. एक बँकेत, एक शाळेत शिक्षक, माझं औषधांचं दुकान. गोव्याला मिरामार किनाऱ्यावर २०१९ मध्ये जी ट्रायथलॉन सुरू झाली, तिच्यात तिघांचा मिळून एक संघ करता येतो. एकाने समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, दुसऱ्याने ९० किलोमीटर सायकल, तिसऱ्याने २१.१ किलोमीटर धावायचं. पोहणं माझ्याकडे आलं, कारण बाकी दोघांनी बुडायची भीती वाटते असं सरळ सांगितलं आणि मला ते सांगायची लाज वाटली.

पैसे कशासाठी, हे आधीच ठरलं होतं. पाड्यावरच्या वसतिगृहातल्या मुली उत्तम धावतात, पण अनवाणी. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, हे त्या मुलींना तोंडपाठ आहे. त्यांना बूट घ्यायचे होते.

सुरुवात खारीच्या रिकाम्या डब्याने झाली. तलावावर उशिरा आला, ५० रुपये दंड. पोहायची टोपी विसरला, २०. घरी जेवताना ‘प्रोटीन’ म्हणाला, १०. हा शेवटचा नियम शिक्षकाच्या बायकोने घातला आणि डबा मुख्यतः त्यानेच भरला. मुलींचा फोटो छापून पत्रक काढावं असंही आमच्या मनात होतं. वसतिगृहाच्या ताई म्हणाल्या, “त्यांचा कशाला? तुमचाच लावा, टोपी घातलेला.” आम्ही लावला. लोक हसले आणि पैसे दिले. हसायचं तर आपल्यालाच, हे आम्हाला तिथे कळलं.

चूक पुढे झाली. “शर्यत पूर्ण केलीत तर ५ हजार,” असं एकाने म्हटलं, मग तशीच वचनं आणखी आली. आम्ही खूश. सायकलवाला बँकेतला मित्र मात्र हळूहळू गप्प होत गेला. एके दिवशी तो दुकानाच्या पायऱ्या कठडा धरून, आडवा होऊन उतरताना दिसला. गुडघा पुढून दुखत होता, तीन आठवडे. “आता थांबलो तर बुटांचे पैसे जातील,” एवढंच बोलला. रोज औषधं विकणाऱ्या मला ते तीन आठवडे कळू नये!

त्याची सायकल पाहिली तर सीट फार खाली. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. घरच्या घरी तपासायला सोपी रीत आहे: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. नेहमीसारखं पुढचं पाऊल ठेवलं की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. त्याने आधी आठवड्याचं अंतरही एकदम दुप्पट केलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

आम्ही गोव्याला गेलो नाही. प्रवेशाचे पैसे बुडाले, त्याचं वाईट वाटलंच. प्रत्येक देणगीदाराला आम्ही कळवलं: शर्यत होणार नाही, सरावाची वही सोबत दाखवतो, पटलं तर द्या, नाहीतर वचनातून मोकळे. दोघांनी नाही म्हटलं, बाकीच्यांनी दिले. आता आम्ही वचन मागतो ते सरावाच्या दिवसांवर, आणि त्यात दुखण्यामुळे घेतलेली सुट्टीही धरतो. २ हजारांवरची देणगी रोख घेत नाही. तेवढ्या रोख रकमेवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही.

पायांची मापं घ्यायला संध्याकाळी गेलो, दिवसभरात पाय थोडे फुगतात म्हणून. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून माप लिहीत होतो. डबा टेबलावर होता. त्याचे नियम ताईंनी मुलींना सांगितले होते. एकीने विचारलं, “काका, जिंकलात?”

“गेलोच नाही,” मित्र म्हणाला.

“मग दंड?”

त्याने खिशातून ५० ची नोट काढली आणि डब्यात टाकली.