न विचारता मिळणारी उत्तरे

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हटला की हाती प्रश्नावली आलीच. परंतु अनोळखी माणसाने दारात उभे राहून "मुले शाळेत जातात ना?" असे विचारले, तर आमच्या पाथर्डी तालुक्यात "जातात की!" हेच उत्तर मिळेल. यात खोटेपणा नसतो. विचारणाऱ्याचा मान राखलेला असतो. म्हणून कोणालाही न विचारता, आधीच झालेल्या नोंदींवरून अभ्यास करणे पुष्कळदा इष्ट ठरते.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली सुमारे ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, असे त्यांनी दाखविले. १७७१ मधील शेतकऱ्याची मुलाखत कोण घेणार? तेथे जुने दप्तरच उपयोगी पडते.

आमच्या भागात शाळेचा हजेरीपट असेच काम करील. दिवाळीनंतर काही नावांपुढे गैरहजेरी सुरू होते, ती उसाचा गळीत हंगाम संपेपर्यंत. आईवडील जोडीने, म्हणजे एका 'कोयत्यावर', तोडीला गेलेले असतात आणि मूलही त्यांच्याबरोबर. मला आजीपाशी ठेवले, म्हणून माझ्या ओळीत हजेरी आहे. थोरल्या बहिणीच्या ओळीत ती नाही. धाकट्यांना सांभाळायला तिला नेले होते. घरातून कॉलेजात आलेला पहिला मी आहे. तिला विचारले तर ती "मला आवडच नव्हती" म्हणते.

जनगणनेचेही तसेच. मुलगी नको होती असे प्रश्नावलीत कोण लिहून देईल? पण आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ साली ८८४ मुली होत्या, २०११ साली ८५२.

अर्थात कागदालाही लिहिणारा असतो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, ऐन गळीत हंगामात झाली. संपूर्ण काळ गावाबाहेर असणाऱ्याची नोंद गावी होत नाही, तो राहत असेल तेथे होते. तेव्हा पाथर्डीच्या एखाद्या गावाची लोकसंख्या वाचताना कारखान्यावरच्या कोप्यांत किती माणसे होती, हा विचार करावयास हवा. सातबाऱ्यावर मालकाचे नाव सापडते, खुरपणाऱ्या बाईचे क्वचितच.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांस एक सूचना : जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले असले, तरी त्यापूर्वीची कागदपत्रे 'अहमदनगर' याच नावाखाली शोधावी लागतात.