सुगंधाखालचा चहा

भाचीने सिंगापूरहून आणलेल्या चहाचा पहिला कप आईच्या हातात दिला, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर आपल्या माठाचा वास!" माझ्या लहानपणी उन्हाळाभर आमच्या माठात मोगऱ्याची चार फुलं टाकलेली असायची. पुडीवर फुलाचं चित्र होतं, पण आईने पुडी बघितलीच नव्हती. दुसरा घोट घेऊन तिने विचारलं, "वास छान आहे गं, पण यात चहा कुठाय?"

त्या प्रश्नाला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून जमेल त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी ओट्यावर पांढरे कप मांडून सुगंधी पत्तीचा चहा चाखतो. दूध नाही, साखर नाही. प्रत्येक कपाची नोंद वहीत होते. त्या वहीतून हाती लागलेलं इथे लिहिते आहे.

१. सुगंधी चहाची परीक्षा नुसत्या सुगंधावर करू नये. वास नेहमी पुढे धावतो आणि आपण त्यालाच गुण देऊन मोकळे होतो. म्हणून मी दर वेळी शेजारी एक साधा कप ठेवते. अर्ल ग्रे चाखायचा असेल तर बाजूला बिनवासाचा निलगिरीचा काळा चहा, मोगऱ्याचा असेल तर साधा हिरवा. मग सुगंधाने काय दिलं आणि काय झाकलं, ते कळतं. चांगल्या पत्तीत वास ओसरल्यावरही जिभेवर तुरट-गोड काहीतरी रेंगाळतं. हलक्या पत्तीत वास गेला की नुसतं गरम पाणी उरतं. शिळ्या भाजीवर ओली कोथिंबीर भुरभुरावी, तशी ती पत्ती असते. आईचा "चहा कुठाय" हा प्रश्न आमच्या वहीत आता एक रकाना झाला आहे आणि सगळ्यात जास्त गुण त्यालाच आहेत.

२. चमचा फसवतो, वजन फसवत नाही. गोळ्या करून वळलेल्या पत्तीचा एक चमचा आणि फुलारलेल्या मोकळ्या पत्तीचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीचा फरक पडतो. पहिले दोन महिने आम्ही चमच्याने मोजलं आणि ती पानं मी नंतर खोडली. चहा चाखण्यासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. १०० मिलिलिटर उकळतं पाणी, २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं, भांडं पांढऱ्या चिनी मातीचं. ६ मिनिटांत चहा कडक होतो, पण ते मानक चवदार कपासाठी नाहीच, सगळ्या पत्त्यांना एकाच कसोटीवर उभं करण्यासाठी आहे. घरी आम्ही २ ग्रॅम तसेच ठेवले आणि वेळ कमी केला. काळ्या चहाला ३ मिनिटं, हिरव्याला २. स्टीलचा पेला अजिबात नको, त्यात रंग दिसत नाही.

३. खळखळतं आधण प्रत्येक पत्तीला मानवत नाही. आपल्याकडचा चहा उकळूनच करायचा, हे आईच्या हातात पन्नास वर्षं मुरलेलं. पहिल्यांदा तिने मोगऱ्याच्या हिरव्या पत्तीवर तसंच पाणी ओतलं आणि कप काढ्यासारखा कडू झाला. हिरव्या पत्तीतली तुरट-कडू द्रव्यं गरम पाण्यात झपाट्याने उतरतात, म्हणून तिला ७५ ते ८० अंशांचं पाणी बरं. आमच्याकडे तापमापक नाही. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे चिकटून बसले आणि पाणी हळूच सी-सी करू लागलं की आई गॅस बंद करते.

पाण्याचा दुसराही एक धडा आहे. सोलापूरला भावाकडे बोअरचं पाणी आहे. पुण्याहून नेलेला तोच अर्ल ग्रे तिथे मातकट लागला आणि कपावर चकचकीत साय धरली. जड पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांशी मिळून ती साय धरतो. लिंबू पिळलं की ती जाते, पण मग चाखायला चहा कुठे उरला? चहाला नावं ठेवण्याआधी पाणी बघावं.

४. पत्तीत फुलं दिसली म्हणजे फुलांचा वास दिला, असं नाही. हे कळलं आणि मी सगळ्या पुड्या पुन्हा उघडून बघितल्या.

चीनच्या फुजियान प्रांतातलं फूचौ हे मोगऱ्याच्या चहाचं जुनं माहेर. तिथे वापरतात ते फूल म्हणजे जास्मिनम साम्बॅक, म्हणजे थेट आपला मोगरा. आईचं नाक चुकलं नव्हतं. हिरवी पत्ती वसंतात खुडून तयार करतात आणि मोगऱ्याच्या बहराची वाट बघत ठेवून देतात. उन्हाळ्यात दुपारी टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या तोडायच्या. रात्री त्या उमलू लागल्या की पत्ती आणि फुलं एकत्र मिसळून रास करायची. चहाची पत्ती कोरडी आणि अधाशी असते. ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. राशीत उष्णता साठते, म्हणून मध्येच ती पसरून निववावी लागते. सकाळी दमलेली फुलं चाळून बाजूला काढतात आणि ओलसर झालेली पत्ती पुन्हा सुकवतात. मग नव्या फुलांसह पुन्हा तेच. उंची पत्तीला असे कितीतरी फेरे मिळतात. म्हणजे खऱ्या मोगऱ्याच्या चहात शेवटी फुलं नसली तरी चालतं, कारण त्यांचं काम होऊन गेलेलं असतं. पुडीतल्या वाळक्या पाकळ्या बहुधा डोळ्यांसाठी असतात.

हे वाचताना मला आपला फुलेल आठवला. तीळ आणि ताजी फुलं थरांनी मांडायची, फुलं बदलत राहायची आणि मग त्या तिळांचं तेल काढायचं. तीच युक्ती, तोच धीर.

वरून अर्क शिंपडलेली पत्ती ओळखायची आमच्या घरची रीत सोपी आहे. तीच पत्ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भिजवायची. आमच्या अनुभवात शिंपडलेला वास पहिल्या पाण्यातच निघून जातो आणि फुलांच्या सहवासात मुरलेला तिसऱ्या कपातही अंधुक असतो. अर्कात वाईट काही नाही. अर्ल ग्रे तर त्यावरच उभा आहे. इटलीच्या दक्षिणेला कालाब्रियात पिकणाऱ्या बर्गामॉट या लिंबाच्या सालीचं तेल काळ्या पत्तीला लावलं की अर्ल ग्रे होतो. पण अर्काचे पैसे अर्काइतकेच द्यावेत, फुलांचे नव्हे.

५. भुरका मारावा. लहानपणी बशीतून भुरके मारणाऱ्या आजोबांकडे पाहुणे आले की घरातले डोळे वटारायचे. चहाच्या व्यवसायातले पारखी चमच्यातून नेमका असाच जोरदार भुरका ओढतात. चहा हवेसकट तोंडात फवारला जातो आणि वास घशामागून नाकात चढतो. एकदा नाक चिमटीत धरून अर्ल ग्रेचा घोट घेऊन बघा. तुरट आणि कडवट एवढंच लागेल. नाक सोडलं की लिंबाची साल एकदम प्रकटते. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासाचा असतो. शिवाय कप किंचित निवल्यावरच दोष कळतात. आजोबा बशीत ओतून चहा निववायचे, तेही बरोबरच होतं.

६. पुडीवरचे शब्द उतरवून घेऊ नयेत, स्वतःचे शोधावेत. सुरुवातीला माझ्या वहीत "फुलांसारखा", "फळांसारखा", "संतुलित" असले शब्द असायचे. महिन्याभराने वाचले तर एकही कप आठवेना. आई काही लिहीत नव्हती, नुसती बोलत होती. मग मी तिचं बोलणं लिहायला लागले आणि वही जिवंत झाली.

वूयीच्या डोंगरातल्या लापसांग सूचाँगवर ती म्हणाली, "बंबातलं पाणी." ती पत्ती पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात आणि आईच्या माहेरी आंघोळीचं पाणी लाकडावरच्या बंबात तापायचं. भाजलेले तांदूळ घातलेल्या जपानी गेन्माइचावर म्हणाली, "तळाला लागलेल्या भाताची खरवड, पण करपली नाहीये." अर्ल ग्रेला तिने ईडलिंबाच्या सालीत नख रुतवल्याचा वास म्हटलं. नंतर आम्ही ईडलिंबू आणून शेजारी ठेवलं. वास अगदी तोच नव्हता, बर्गामॉट अधिक फुलासारखा होता, पण ईडलिंबू शेजारी होतं म्हणून तर तो फरक कळला. आता नवा चहा आला की आम्ही आधी स्वयंपाकघरात त्याचा नातेवाईक शोधतो. सुंठ, बडीशेप, वाळलेली संत्र्याची साल, गुळाची ढेप, काहीही. एका दार्जिलिंगला आई "मनुकांचा डबा उघडला" म्हणाली. त्या पत्तीला कसलाही वास दिलेला नव्हता. दार्जिलिंगच्या उन्हाळी खुडणीला द्राक्षाची आठवण करून देणारा स्वाद निसर्गानेच दिलेला असतो, आणि पारखी त्याचंच कौतुक करतात. तिचं वाक्य लिहून ठेवताना मला फार बरं वाटलं.

७. आपल्या जिभेवर लगेच विश्वास ठेवू नये. एकाच चहाचे दोन कप आणि दुसऱ्याचा एक, असे तीन मांडायचे. बशीखाली चिठ्ठी. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. निराळा कप ओळखायचा. मी सहा वेळा बसले आणि तीनदा बरोबर आले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरीने दोनदा आलेच असते. आई सहापैकी पाचदा बरोबर आली. त्या दिवशी मी दोन मोगऱ्यांतल्या फरकावर लिहिलेलं अर्धं पान रद्द केलं. एका बैठकीत चारपेक्षा जास्त कप घेऊ नयेत, हेही तेव्हाच ठरलं. पाचव्या कपाला नाक थकतं आणि सगळंच सारखं वाटतं. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा पुरतो.

८. डबे वेगळे ठेवा. पत्ती ज्या गुणाने मोगरा पिते, त्याच गुणाने गोडा मसालाही पिते. माझं एक चांगलं दार्जिलिंग मसाल्याच्या फळीवर आठ दिवस राहिलं आणि त्याला हिंगाचा वास लागला. दुकानातून मागवलेल्या स्ट्रॉबेरीच्या चहाने तर त्याच खोक्यातल्या दोन कागदी पुड्या वाया घालवल्या. आता घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, एका वासाला एकच डबा. पावसाळ्यात थोडंच आणायचं.

९. मसाल्याला उकळी हवी, पत्तीला मुरणं हवं. दालचिनी, वेलची, आलं, गवती चहा यांचा गुण उकळल्याशिवाय नीट उतरत नाही, आणि तेवढा वेळ पत्ती उकळली तर ती कडू होते. म्हणून मसाला आधी उकळायचा, गॅस बंद करायचा, मग पत्ती घालून झाकण ठेवायचं. काश्मिरी कहव्यासाठी हिरवी पत्ती आणली तेव्हा केशर श्रीखंडाला खलतो तसं चमचाभर कोमट पाण्यात खलून शेवटी घातलं, तेव्हा कुठे ते नाकापर्यंत पोचलं. गवती चहा नावाने चहा असला तरी ते गवत आहे, पण साध्या आसामच्या मोकळ्या पत्तीशी त्याची जोडी मला बर्गामॉटच्या तोडीची वाटते, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

अशा भेसळीवरचं भांडण फार जुनं. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूला चहात आलं, पुदिना, संत्र्याची साल, कांद्याची पात घालून उकळलेलं मुळीच आवडत नसे. त्याने अशा चहाची गणना गटारात ओतायच्या पाण्यात केली. स्वतः मात्र तो चहात मीठ घालायचा. मला त्याचा राग समजतो. पत्तीवर त्याचं प्रेम होतं आणि ती कशाखाली तरी झाकली जाते, हे त्याला सोसवत नव्हतं. आईचा प्रश्नही तोच आहे. पण आमच्या वहीत असे कप आहेत जिथे पत्ती आणि सुगंध एकमेकांना धरून उभे आहेत.

दूध घातलं की तुलना संपते. दुधातली प्रथिनं तुरटपणाला बांधून ठेवतात आणि बारीक फरक दिसेनासे होतात. अमृततुल्यचा चहा मला प्रिय आहे. तो पिण्यासाठी आहे, तुलनेसाठी नाही.

१०. एकदा तरी स्वतः वास द्यावा. बाजारातल्या फुलांवर औषध फवारलेलं असू शकतं, म्हणून शेजारच्या वहिनींच्या गच्चीतला मोगरा मागितला. "वहिनी, कळ्या हव्यात, उमललेली फुलं नकोत," असं सांगावं लागलं. पहिल्या वर्षी पत्ती आणि फुलं डब्यात गच्च बंद करून दोन रात्री ठेवली, सुकवली नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा बुरसटला होता. फूचौमध्ये दर फेऱ्यानंतर पत्ती का सुकवतात, ते त्या वासाने शिकवलं.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा केलं. २० ग्रॅम साधी हिरवी पत्ती, २० ग्रॅम कळ्या, पसरट पातेलं, वर मलमलचं फडकं. रात्री नऊच्या सुमारास कळ्या उमलल्या आणि स्वयंपाकघर भरून गेलं. झोपण्यापूर्वी आईने एकदा हात घालून सगळं वरखाली केलं. सकाळी तपकिरी पडलेली फुलं वेचून काढली, तवा तापवून बंद केला आणि त्यावर ताट ठेवून पत्ती कुरकुरीत होईपर्यंत सुकवली. असं तीन रात्री. चौथ्या दिवशी ओट्यावर तीन कप मांडले. साधी पत्ती, विकतचा मोगरा आणि आमचा.

आईने आमच्या कपाचा भुरका घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "यात चहा आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मोगरा मात्र अजून उंबऱ्यातच उभा आहे गं. अजून एक रात्र ठेवू या."

संध्याकाळी वहिनींनी ओंजळभर कळ्या पाठवल्या. मी २० ग्रॅम मोजून घेतल्या. चार कळ्या उरल्या, त्या आईने माठात टाकल्या.